स्वयंपाक येतो का?

देवनारला गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था आहे. मी राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण’ ही संस्था १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून सांभाळत आली आहे. देशातल्या किती बायकांना रक्तक्षय आहे, किती घरांत चूल जाऊन गॅस आला, किती मुलांचं वजन कमी आहे, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो ते आकडे बरेचदा या सर्वेक्षणातून आलेले असतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत जाऊन माहिती गोळा केली गेली.

या सर्वेक्षणात एक प्रश्न असतो. पुढील परिस्थितीत नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं तुम्हाला वाटतं का? मग एकेक करून सात कारणं विचारली जातात. न सांगता बाहेर गेली तर, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं तर, वाद घातला तर, सासरच्यांचा मान ठेवला नाही तर, वगैरे. त्यातलं एक कारण आहे : तिने स्वयंपाक नीट केला नाही तर. सातपैकी निदान एका कारणासाठी मारणं योग्य आहे, असं पाचव्या फेरीत ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. समाजशास्त्र हा काही माझा विषय नाही. पण ही यादी वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एकच कौशल्य. ते पुरुषाला नसलं तर गमतीचा विषय होतो. ‘याला चहासुद्धा करता येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकाच्या सुरातही म्हणतात. तेच बाईला नसलं, किंवा असून एखाद्या दिवशी बिघडलं, तर मारण्याचं कारण म्हणून ते सरकारी प्रश्नावलीत जाऊन बसतं. मग तरुण माणसाला स्वयंपाक आला पाहिजे का, हा प्रश्न नुसता सोयीचा किंवा आरोग्याचा राहत नाही. तो नीतीचा होतो. आणि माझ्या मते तो मुलग्यांसाठी सोपा आहे, मुलींसाठी अवघड.

आधी भाषेकडे बघू. मराठीत आपण ‘मला स्वयंपाक येतो’ म्हणतो. पाऊस येतो, झोप येते, ताप येतो, तसा स्वयंपाक येतो. या वाक्यात कर्ता स्वयंपाक आहे आणि मी नुसती त्याची वाट बघत उभी आहे. त्यामुळे ‘मला येत नाही’ हे वाक्य फार सोयीचं आहे. ‘मी शिकलो नाही’ म्हटलं तर ‘का नाही शिकलास?’ असं पुढे विचारता येतं. पण जो आलाच नाही, त्याला कोण काय करणार?

पोहणंही येत नाही, गाणंही येत नाही, असं आपण म्हणतोच. फरक एवढाच की मला पोहता येत नाही म्हणून माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पोहावं लागत नाही. स्वयंपाकाचं तसं नाही. मला भूक रोज लागते, दोनदा-तीनदा लागते, आणि मला येत नाही म्हणून ती थांबत नाही. म्हणजे ‘मला येत नाही’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग न बोलताच ठरलेला असतो : ‘तेव्हा दुसऱ्या कुणीतरी करा.’ ते कुणीतरी कोण, हे बहुतेक घरांत विचारावंही लागत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरातली बिनपगारी कामं दिवसभरात ८१.२ टक्के स्त्रिया करतात आणि २६.१ टक्के पुरुष. ज्या करतात त्यांची सरासरी २९९ मिनिटं जातात. जे करतात त्यांची ९७.

इथपर्यंतचं सरळ आहे. पंचविशी ओलांडलेल्या धडधाकट पुरुषाचं ‘येत नाही’ हे रोजच्या रोज घेतलेला निर्णय असतो. फोनवर हव्या त्या पदार्थाची कृती मिळण्याच्या काळात तर नक्कीच. आता अवघड भागाकडे येते.

माझी आई कराडला एका कचेरीत कारकून आहे. सकाळी साडेपाचला उठून चार डबे, संध्याकाळी सहाला परत आल्यावर पुन्हा ओटा, असं तिने मी कळती झाल्यापासून केलं. आणि मला तिने स्वयंपाकघरात मुद्दाम येऊ दिलं नाही. पोळ्या लाटायला बसले की उठवायची. ‘तू अभ्यास कर. एकदा येतं असं कळलं की सुटका नसते,’ असं म्हणायची. आजी आणि आत्या यावरून तिला बोलत, ती ऐकून घेई. माझ्या धाकट्या भावालाही तिने शिकवलं नाही, पण त्यासाठी तिला काही ठरवावं लागलं नव्हतं.

आईचं म्हणणं मला आजही हुशारीचं वाटतं. आपल्याकडे कौशल्य आणि कर्तव्य यांची गाठ बाईपुरतीच मारलेली आहे. भावाला सायकलचं पंक्चर काढता आलं तर ते त्याचं कौशल्य. मला पोळ्या आल्या तर त्या माझ्याकडे लागल्याच म्हणून समजा. अशा ठिकाणी न शिकणं हा बचाव असतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातल्या कितीतरी मुली ‘मला मॅगीशिवाय काही येत नाही’ असं अभिमानाने सांगायच्या, आणि त्यात आळस नव्हता. ती भिंत होती. मुलाचं ‘येत नाही’ म्हणजे पाठीमागची गादी आणि मुलीचं ‘येत नाही’ म्हणजे समोरची भिंत. वाक्य एकच.

पण भिंतीला खर्च येतो. नोकरी लागून मुंबईला आल्यावर वर्षभरात माझं हिमोग्लोबिन ९.२ वर आलं. यात विशेष काही नाही. त्याच पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ते ५९.१ टक्के आहे. याची कारणं बरीच आहेत आणि सगळी ताटातली नाहीत. तरी ताटाचा भाग मोठा आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काय काय खायचं ते सांगितलं. ते करायचं कसं, हे मला कुठूनतरी शिकायचं होतं. मी कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आणलं.

‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्याच्या साठ वर्षं आधी, १९१०मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं होतं. वाचणारी कोण असणार, हे त्या नावातच आहे. ‘रुचिरा’तली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे वाटी आणि चमचा. आपल्याकडे स्वयंपाक ‘अंदाजाने’ शिकवला जाई. आणि अंदाज म्हणजे आईच्या किंवा सासूच्या हाताखाली काढलेली दहा वर्षं. त्यामुळे हे ज्ञान फक्त एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जाऊ शकत होतं. ओगलेबाईंनी ते वाटीत मोजलं. मोजलेलं ज्ञान कुणालाही घेता येतं. त्यासाठी कुणाची सून व्हावं लागत नाही. माझ्या क्षेत्रात याचं मोल फार असतं. जी गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात असते ती त्या माणसाला बांधून ठेवते. ती लिहून काढली की तो माणूस रजेवर जाऊ शकतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो हलका नाही. मी माझे कपडे शिवत नाही, विजेची वायरिंग करत नाही. श्रमविभागणी आहे म्हणून तर शहर चालतं. मग स्वयंपाकच का यावा? दोघं कमावतात, दोघांनाही येत नाही, बाई लावली, उरलेलं ॲपवरून मागवलं. झाली की समानता.

आमच्या फ्लॅटमध्येही सकाळी मावशी येतात. बैंगनवाडीतून चालत येतात, आमच्यासह चार घरी करतात आणि परत जाऊन स्वतःच्या घरी करतात. त्यांना काम हवं आहे आणि मला वेळ हवा आहे; यात मला काही गैर वाटत नाही. हे काम पैशात मोजलं जाण्याचा या शहराला चांगला इतिहासही आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार बायकांच्या खानावळींत जेवायचे. त्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात जे ‘बायकांचं कामच’ होतं, तेच बँकेच्या कागदावर व्यवसाय झालं.

पण काम पैशात मोजायचं तर ते किती आहे हे घेणाऱ्याला कळावं लागतं. ज्याने कधी कणीक मळली नाही, त्याला बारा पोळ्या आणि अठरा पोळ्या यांत फक्त सहाचा फरक दिसतो. पाहुणे आले म्हणून आयत्या वेळी वाढवलेल्या दोन भाज्या त्याला ‘थोडंसंच जास्त’ वाटतात. मावशी रोज दारात विचारतात, ‘आज काय करू?’ त्यावर ‘काहीही करा’ म्हणणारा स्वतःला समजूतदार समजत असतो. खरं तर फ्रिजमध्ये काय आहे, काय संपतंय, काल काय झालं, कुणाला काय चालत नाही, हे सगळं त्याने त्या दोन शब्दांत त्यांच्यावर टाकलेलं असतं. स्वयंपाक येणं म्हणजे तो रोज करणं नव्हे. आपण दुसऱ्याकडे काय मागतो आहोत, हे कळणं. शिंप्याकडे वर्षातून चारदा जावं लागतं. तिथे हे अज्ञान खपून जातं. रोजच्या कामात ते अज्ञान रोज कुणाच्या तरी पाठीवर जातं. दोघांनाही येत नसेल तर काम समान वाटलं जात नाही. ते फक्त एक पायरी खाली, तिसऱ्या बाईकडे सरकतं आणि तिच्या घरी पुन्हा तिच्याचकडे येतं.

मग किती यायला हवं? पुरणपोळी, उकडीचे मोदक ही कला आहे. ज्याला हवी त्याने शिकावी. मी साक्षरतेबद्दल बोलते आहे. सही करता येणं, बसवरची पाटी वाचता येणं, तेवढं. माझ्या यादीत वरण-भात, एक उसळ, एक पालेभाजी, अंड्याचे दोन प्रकार आणि कोशिंबीर येते. पोळी जमली तर उत्तम, नाहीतर भातावर भागतं.

त्यासोबत ताट वाचता यायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांत २००० किलोकॅलरींच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांसमच्छी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली असा हिशेब आहे. पोहे, पोळी, भात, परत पोळी असा आपला दिवस या मापावर ठेवून बघा. धान्य भरपूर, भाज्या चिमूटभर. वरण-भाताची जोडी चांगली, कारण तांदळात कमी असलेलं लायसिन डाळीत असतं. मुगाच्या उसळीवर लिंबू पिळायचं ते नुसतं चवीसाठी नव्हे. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह शरीरात अधिक शिरतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलटं होतं. ५७ टक्क्यांच्या देशात एवढं प्रत्येक सोळा वर्षांच्या मुला-मुलीला माहीत असावं.

आणि सुरक्षितता. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो. कुठलाही असो, वास आला की बटण दाबायचं नाही. चालू दिवाही बंद करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. व्हॉल्व्ह बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, बाहेर येऊन फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल उडवतं. गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. कुकरमध्ये डाळ असेल तर तो अर्ध्याहून जास्त भरायचा नाही, कारण फेस वर येऊन वाफेची वाट बंद करतो. आणि आतला दाब उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करायची नाही. भाजलं तर अंगठी-बांगडी काढून वीस मिनिटं नळाखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून शिजवायचा. अर्धाकच्चा राजमा माणसाला ओकाऱ्या काढायला लावतो. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. त्यातले काही जिवाणू शिजवल्यावरही बीजाणूंच्या रूपात टिकतात.

हे लिहिताना मला ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्द आठवतात. आईच्या पिढीने ते वर्तमानपत्रात अनेकदा वाचले : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. अशा किती भडक्यांमागे अपघात नसून माणसं होती, हे हळूहळू कायद्यालाही मान्य करावं लागलं. छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम १९८३चं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६चं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली सुरक्षितता नुसत्या गॅसच्या नळीवर ठरत नाही. त्या खोलीत एकच माणूस उभं राहायचं आणि बाकीचे बाहेर वाट बघायचे, ही व्यवस्थाही तिथला धोका आहे.

म्हणून आईच्या प्रश्नाला मला सापडलेलं उत्तर असं आहे. कौशल्य आणि कर्तव्य यांची गाठ मुलींनी कौशल्य सोडून सुटत नाही. ज्यांना आजवर ते कर्तव्य नव्हतं, त्यांना कौशल्य देऊन ती सुटते. सगळ्यांना येत असेल तेव्हाच ‘आज कोण करणार?’ हा खरा प्रश्न होतो. एकालाच येत असेल तर तो प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. कुणालाच येत नसेल तर तो घराबाहेर ढकलला जातो.

हे नवीनही नाही. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीम सुरू झाली, तेव्हा मुलं आणि मुली दोघांसाठी स्वयंपाकघराचं काम शिक्षणाचाच भाग होतं. धान्याचा हिशेब हे गणित, आहार हे विज्ञान. तिथल्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलगे-मुली मिळून स्वयंपाक करतात. जपानने १९९३-९४मध्ये माध्यमिक शाळांत गृहविज्ञान मुलग्यांनाही सक्तीचं केलं. आपल्या बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा शेजारी बसून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. तेवढ्या चित्राची बातमी झाली होती.

सध्या घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. ‘स्वयंपाक येतो का?’ हा प्रश्न आता वळणं घेऊन येतो. ‘आवड आहे का?’ असं विचारतात. आईचा सल्ला स्पष्ट आहे : नाही म्हणून सांग. म्हणजे माझ्याच भल्यासाठी खोटं बोल. ज्याला खरं ऐकण्याचा हक्कच नाही त्याच्याशी खोटं बोलणं चूक आहे का, यावर तत्त्वज्ञांनी बरंच लिहिलं आहे. माझी अडचण साधी आहे. नाही म्हटलं तर भिंत उभी राहते, पण प्रश्न होता तिथेच राहतो. पलीकडच्या मुलाला तो कुणीच विचारत नाही. म्हणून मी ‘येतो’ म्हणते आणि तोच प्रश्न त्याला विचारते. टोमणा म्हणून नाही. मला ती माहिती खरोखर हवी असते. दोन ठिकाणी यावरून बोलणं थांबलं. एका ठिकाणी मुलगा म्हणाला, खिचडी येते, कुकरची भीती वाटते. त्या एका वाक्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो. पुढे काही झालं नाही, पण ते बोलणं दोन माणसांमधलं होतं.

हिंजवडीला राहणाऱ्या माझ्या भावाला मी दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवते. वरण, मुगाची उसळ, मेथी झाली. ‘त्याला कशाला त्रास?’ असं आई पहिल्यांदा म्हणाली. गेल्या महिन्यात तो कराडला गेला तेव्हा दोन दिवस रात्रीचं त्याने केलं. पहिल्या रात्री आई ओट्याशी उभी राहून सूचना देत होती. दुसऱ्या रात्री ती बाहेर जाऊन बसली. ‘मीठ किती घालू?’ असं त्याने आतून विचारलं, तर ‘चाखून बघ’ म्हणाली आणि उठली नाही.